पांढऱ्या दालनातली वेचणी

दिवाळी मागे पडली की वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभळींना कापूस लागतो. टेम्पो गळ्यापर्यंत भरलेले असतात, ताडपत्रीच्या कडेने कापूस फुगून बाहेर आलेला असतो आणि रस्त्यावर झुकलेल्या काटेरी फांद्या प्रत्येक टेम्पोतून थोडा थोडा ओरबाडून घेतात. महिन्याभरात दुतर्फा पांढरे झुबके लोंबायला लागतात. लहानपणी मला ते फार सुंदर वाटायचं. रोहण्याला मामाकडे जाताना मी एसटीच्या खिडकीला नाक लावून ते झुबके मोजायची आणि मोजता मोजता झोपून जायची.

यंदाही ते लागले आहेत. परवा त्याच रस्त्याने गेले तेव्हा मी सगळा वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. मला निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. पण कापूस फुटायला लागला की हवेत एक कोरडा, किंचित तेलकट वास येतो, सरकीचा. तो आला की मी पुन्हा आमच्या संग्रहालयाच्या मागच्या दालनात उभी असते आणि माझाच आवाज मला ऐकू येतो. स्वच्छ, ठाम, शिकवलेला आवाज. त्या आवाजाचा मला त्या वर्षी फार अभिमान होता.

आमचं संग्रहालय म्हणजे दोन मोठी दालनं आणि मागे एक लहान. पहिल्या दालनात उत्खननातली मडकी, नाकं तुटलेल्या मूर्ती, एक पेंढा भरलेला बिबट्या. दुसऱ्यात जिल्ह्याची शेती: वखर, तिफण, काचेच्या बरण्यांमध्ये धान्याचे आणि कापसाचे नमुने. वीस वर्षं मी त्या बरण्यांवरची धूळ पुसून घेतली होती. मुलांच्या सहली यायच्या, मुलं बिबट्यापाशी थांबायची आणि बाकी सगळं पळत पाहून बाहेर भेळेच्या गाडीकडे जायची. मला चांगलं इंग्रजी येत होतं. नागपूरला शिकून मी कलेच्या इतिहासात पदवी घेतली होती. त्या पदवीचा उपयोग मी पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासण्यापलीकडे कधी केला नव्हता.

मग अमेरिकेतल्या समकालीन कलेची प्रदर्शनं आमच्याकडे यायला लागली. मोठ्या शहरांत दाखवून झाली की अशी प्रदर्शनं लहान जिल्ह्यांतही न्यायची, असं तिकडच्या कुणीतरी ठरवलं होतं. पहिलं छायाचित्रांचं होतं, ते फारसं कुणी पाहिलं नाही. दुसरं आलं ते ऐन वेचणीच्या दिवसांत, आणि ते कापसाचं होतं.

लाकडी खोकी आली. ती उघडायला पांढरे हातमोजे घातलेली माणसं आली. आमची मडकी आणि बिबट्या गोदामात गेले, भिंती पांढऱ्या झाल्या, गारवा ठेवणारी यंत्रं बसली. पहिल्या दालनात एक कोरा पांढरा कॅनव्हास होता, भिंतीएवढा. जुन्या जीन्सच्या तुकड्यांची एक गोधडी होती. एका पडद्यावर एक माणूस सतत बर्फ खात होता, ओठ निळे पडेपर्यंत. बाजाराच्या दिवशी गावाकडची माणसं यायची. कोऱ्या कॅनव्हासपुढे उभं राहून एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं की हे रंगवायचं राहून गेलं का. मी हसून त्याला काहीतरी उत्तर दिलं आणि संध्याकाळी चहाबरोबर त्याचा प्रश्न प्रदर्शनाबरोबर आलेल्या अमेरिकन पाहुण्यांना इंग्रजीत वाढला. ते खूप हसले. मग मी रोज असे प्रश्न गोळा करायला लागले. माझ्या माणसांचा अडाणीपणा हा माझ्याजवळचा एकुलता एक विनोद होता आणि तो फार चांगला चालत होता.

मागच्या लहान दालनात लोरेनचं काम होतं. लोरेन साठीची, उंच, काळी बाई. फार हळू बोलायची. तिची आजी अमेरिकेच्या दक्षिणेत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. त्या आजीची वेचणीची पिशवी दालनाच्या मधोमध छताला टांगली होती: जाड्याभरड्या कापडाची, दोन पुरुष लांब, एका टोकाला खांद्यात अडकवायचा पट्टा. ती ओढत ओढत बायका ओळीतून सरकायच्या. मागच्या भिंतीवर आजीच्या हातांचं चित्रीकरण चालू असायचं. नुसते हात, आवाज नाही.

उद्घाटनाला मी भाषण केलं. अमेरिकेतल्या युद्धाने तिकडचा कापूस अडला तेव्हा इंग्रजांची नजर आपल्या कापसाकडे कशी वळली, आगगाडी आपल्या काळ्या मातीपर्यंत का आली, आणि त्यामुळे लोरेनची आजी आणि आपल्या बाया एकाच धाग्याने कशा बांधल्या गेल्या, असं मी बोलले. लोरेन माझ्याजवळ येऊन म्हणाली की तिला इथल्या वेचणाऱ्या बायकांना भेटायचं आहे. तेवढंच म्हणाली. पुढचं मी सुचवलं. या दालनात एक खरी वेचणारी बाई बसवू, कापसाच्या खऱ्या पऱ्हाट्या, उभी झाडंच, लावू, लोक पाहतील. त्या बाईला ते आवडेल का, असं लोरेनने विचारलं. मी म्हटलं, आवडेल. कुठल्या बाईला, ते अजून माझ्या डोक्यातही नव्हतं.

मग मला कुसुम आठवली.

कुसुम माझ्याच वयाची, रोहण्याची. तिची आई मामाच्या शेतात वेचायला यायची तेव्हा ती बरोबर असायची. आम्ही बांधावर खेळलो आहोत. म्हणजे मी खेळायची आणि ती माझा खेळ सांभाळायची. लग्न तिचं गावातच झालं. दीड एकरात ती आणि तिचा नवरा वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि पुलगावच्या बाजारात विकायचे. कापूस फुटला की ती अजूनही दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची, मामाच्या मुलांच्या शेतातही. तेव्हा मी तिच्या दारात जाऊन विचारलं त्याला विचारणं म्हणता येणार नाही. तिने आधी चहा टाकला, मग हात पुसले, मग म्हणाली, ताई म्हणतात म्हणजे यावंच लागेल.

अट तिने एकच घातली. तिची मुलगी पल्लवी वर्ध्याला अकरावीत होती, वसतिगृहात राहायची. हुशार होती, दहावीत शाळेत पहिली आलेली.

"पल्लवीच्या कॉलेजातले तं नाई येत ना तिथं?" कुसुमने विचारलं. "तिनं मैत्रिनीईले सांगून ठेवलं हाये, आई अंगनवाडीत हाये म्हनून. सांगू द्या. तिचं चांगलं चालू हाये, मी काऊन आड येऊ?"

ते सांगताना ती रागावलेली नव्हती. मुलीच्या खोट्यात आपल्याला अंगणवाडीत नोकरी लागली याचं तिला थोडं हसूच आलेलं होतं. मी तिला शब्द दिला. कॉलेजांच्या सहलींचं वेळापत्रक माझ्याच हातात होतं. पल्लवीचं कॉलेज गुरुवारी येणार होतं. गुरुवारी तू येऊ नको, असं मी तिला सांगितलं.

पऱ्हाट्या मुळासकट उपटून आणल्या आणि वाळूने भरलेल्या लाकडी पेट्यांत रोवल्या. वरून दिवे सोडले. मधोमध कुसुम, वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळी बोंडं रिकामी झाली. तिचे हात शेतातल्यासारखेच चालले होते, तिला हळू करायचं सुचलंच नाही. आता काय, असं संचालकांनी विचारलं. उत्तर पुन्हा माझ्याकडेच होतं. दुसऱ्या दिवसापासून कुसुम सकाळी लवकर यायची आणि आदल्या दिवशी वेचलेला कापूस एकेका बोंडात दाबून परत बसवायची. दहा वाजता दार उघडलं की तोच कापूस पुन्हा वेचायला बसायची. वेचलेलं पुन्हा झाडाला लावायचं, हे आपण जन्मात पाहिलं नव्हतं, एवढंच ती म्हणाली. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात. एकदा वेचताना बोटांना जेवढी लागतात त्याच्या दुप्पट ती कापूस भरताना लागायची. तिसऱ्या दिवशी कापसावर तांबूस ठिपके दिसायला लागले. पाहुण्यांपैकी कुणीतरी ते ठिपके जवळून फोटोत टिपले आणि हे फार बोलकं आहे असं मला म्हणालं. मी मान डोलावली.

लोरेन आणि कुसुमचं मात्र जमलं होतं. लोरेन रोज दुपारी तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसायची. एकदा कुसुमने ती टांगलेली पिशवी चाचपून पाहिली आणि म्हणाली, एवढी लांब ओढत नेत असेल तर म्हातारीची कंबर मोडली असेल. मी ते सांगितलं तेव्हा लोरेनने डोळे पुसले आणि आजी शेवटी वाकलेलीच गेली असं सांगितलं. दोघींनी एकमेकींची बोटं पाहिली. त्यांच्यामध्ये मी बसले होते आणि दोघींनाही माझी गरज होती. आयुष्यात इतकी महत्त्वाची मी कधीच नव्हते.

गुरुवारी दिल्लीहून मोठे पाहुणे येणार असल्याचं बुधवारी कळलं. पुढचं प्रदर्शन, निधी, अमेरिकेतली आमंत्रणं, सगळं त्यांच्या हातात. संचालकांनी सांगितलं की ती बाई उद्या हवीच. मी पल्लवीच्या कॉलेजात फोन करून त्यांची सहल पुढे ढकलू शकले असते. फोन माझ्या टेबलावरच होता. मी त्याऐवजी त्यांची वेळ दुपारची करून घेतली आणि कुसुमला म्हटलं, तू सकाळचीच ये, बारा वाजता तुला मोकळं करते. अकरा वाजता पाहुणे आले. त्यांना कोऱ्या कॅनव्हासपासून सगळं पाहायचं होतं, प्रश्न विचारायचे होते, माझं कापसाचं भाषण ऐकायचं होतं. बारा वाजून गेले. साडेबारा झाले. मी घड्याळ पाहिलं होतं. विसरले, असं मी पुढे अनेकांना सांगितलं, पण मी घड्याळ पाहिलं होतं.

मुली ओळीने मागच्या दालनात शिरल्या. चाळीसेक असतील, निळ्या गणवेशातल्या. आम्ही सगळे आतच होतो: पाहुणे, संचालक, लोरेन, मी. कुसुमने मान वर केली, ओळीकडे पाहिलं आणि पदर कपाळावरून पुढे ओढला. तिचे हात थांबले नाहीत. ओळीत तिसरी की चौथी पल्लवी होती. मी तिला लहानपणी पाहिलेलं होतं, पण ओळखू आली ती चेहऱ्यावरून नाही. सगळ्या मुली त्या बाईकडे बघत होत्या आणि ही एकटीच छताकडे बघत होती.

एवढंच झालं होतं. दोघींनी एकमेकींना पाहिलं होतं आणि न बोलता ठरवून टाकलं होतं. आणखी पाच मिनिटांनी मुली बाहेर पडल्या असत्या, कुसुम रोहण्याच्या बसमध्ये बसली असती आणि पुढच्या सुट्टीत मायलेकींनी त्यावर कदाचित एक शब्दही काढला नसता. गरिबाच्या घरात अशा कितीतरी गोष्टी न बोलता निभावून नेतात. त्याला मी तेव्हा खोटेपणा म्हणत होते.

आणि मला दिसलं की पाहुण्यांपैकी एक बाई कंटाळली आहे. ती आपल्या फोनकडे बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन इंग्रजीत म्हटलं की या वेचणाऱ्या बाईची मुलगी या मुलींमध्येच आहे. तिने फोन खाली घेतला. सगळे माझ्याकडे वळले. ती क्षणभराची शांतता मला अजून आठवते, कारण ती मला आवडली होती.

"पल्लवी," मी म्हटलं, "पुढे ये बेटा. ही तुझी आई ना?"

मुलींच्या ओळीत कुजबूज झाली. पल्लवी पुढे आली नाही. जागेवरूनच, अगदी पुस्तकातल्यासारख्या मराठीत ती म्हणाली, "नाही मॅडम. मी यांना ओळखत नाही."

मी कुसुमकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती, ओटीतला कापूस दोन्ही हातांनी धरून.

"माही पोरगी नोहे ते, बाई," ती म्हणाली. मला ताई न म्हणता बाई म्हणाली. "माह्या पोरीचं लगन होऊन गेलं. ते सासरी हाये. तुमचा कायतरी घोटाया झाला."

काय म्हणते आहे ती, असं दिल्लीच्या बाईने विचारलं. दालनात दोन भाषा होत्या आणि दोन्ही माझ्या ताब्यात होत्या. मी म्हटलं, ती म्हणते आहे की तिचा विश्वासच बसत नाही.

इथेही मला थांबता आलं असतं. मी पल्लवीजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. श्रमाची लाज वाटू नये असं सांगितलं. ज्या हातांनी तुला वाढवलं ते हात नाकारतेस, असं म्हटलं. लोरेनकडे बोट दाखवून म्हटलं, ही बघ, आपल्या आजीचे हात साऱ्या जगाला दाखवत हिंडते, आणि तू स्वतःच्या आईला अंगणवाडीत पाठवलंस. ते शेवटचं वाक्य आठवलं की मी आजही भाजी चिरता चिरता थांबते. ते कुसुमने मला विश्वासाने सांगितलं होतं. ते मी चाळीस मुलींपुढे टाकलं, कारण वाक्य चांगलं जमत होतं.

मागच्या ओळीतून कुणीतरी फसकन हसलं. पल्लवीचा खांदा माझ्या हाताखाली लाकडासारखा झाला होता. तिने फरशीकडे पाहत म्हटलं, "हो. माही आई होय." तिची पुस्तकातली मराठी तेवढ्यात गळून पडली होती.

मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं पाहून मुलींनीही वाजवल्या. मी पल्लवीला आईपाशी नेऊन उभं केलं. फोटो काढले गेले. लोरेनने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की मुलीला हे हवं होतं का. मी म्हटलं, लाजते आहे, आमच्याकडच्या मुली अशाच लाजतात. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरं ती काय करणार होती?

मुली गेल्यावर मी कुसुमला म्हटलं की तू आता गेलीस तरी चालेल. ती बसून राहिली. पेटीतल्या उरलेल्या पऱ्हाट्या तिने एकेक करून वेचल्या, ओटी सोडली, कापूस कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवला, सकाळी ठेवायची तसाच. जाताना दारात थांबली.

"ताई, तुमी मले म्हटलं होतं," ती म्हणाली. वाक्य तिने पुरं केलं नाही. मी प्रदर्शनाच्या पाट्या सरळ करत होते. तशीच करत राहिले.

पल्लवीला कॉलेजात दुसऱ्या दिवसापासून म्युझियम म्हणायला लागले. वसतिगृहात कुणीतरी तिच्या पलंगावर कापूस पसरून ठेवला. हे मला पुष्कळ नंतर तिच्या एका शिक्षिकेकडून कळलं. संक्रांतीला ती घरी गेली ती परतलीच नाही. त्या हंगामाचा शेवटचा वेचा तिने आईबरोबर वेचला, मामाच्या मुलांच्या शेतात. मामेभाऊ सांगत होता की पोरगी हाताने फार जलद आहे, पण तोंडातून शब्द काढत नाही. त्याला त्यात काही वाईट दिसलं नव्हतं. मला त्याच आठवड्यात अमेरिकेचं आमंत्रण आलं.

मी गेले. तिकडच्या एका लहान गावातलं संग्रहालय, आमच्यासारखंच, फक्त स्वच्छ. बाहेर बर्फ पडलेलं. पंधरा दिवस होते. शेवटच्या दिवशी मी बोलले आणि माझ्या मागे भिंतीएवढ्या पडद्यावर तो फोटो होता: ओटी धरलेली कुसुम, शेजारी निळ्या गणवेशात पल्लवी, दोघींच्या मागे माझा अर्धा चेहरा. मी ती गोष्ट सांगितली. आई, मुलगी, लाज आणि कला लाजेवर कशी मात करते. मी ती फार छान सांगितली. एक म्हातारा गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होता. तेव्हाही मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. कळतानाही टाळ्या गोड लागतात.

पुढे पाच-सहा वर्षं मी रोहण्याला गेले नाही. मामाकडे लग्न होतं तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं. वेचणीचे दिवस आले की मी दार लावून घ्यायची, रजा घ्यायची, नागपूरला बहिणीकडे जाऊन बसायची. पहिल्या दालनात पुन्हा बिबट्या आला होता. मुलांच्या सहली पुन्हा त्याच्यापाशी थांबत होत्या. एका हिवाळ्यात टपालाने जाड पुस्तक आलं, लोरेनच्या सगळ्या कामाचं. त्यात ते पान होतं. पान मोठं, फोटो स्वच्छ. खाली इंग्रजीत एक ओळ: कापूस वेचणारी स्त्री आणि तिची मुलगी, मध्य भारत. नाव दोघींचंही नव्हतं. माझं होतं, पुस्तकाच्या शेवटी, आभारांत.

ते पुस्तक घेऊन मी कुसुमकडे गेले. ते का नेलं ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक तिने ते माझ्या अंगावर फेकावं, असं मला वाटत होतं. माफी मागायला जाणाऱ्या माणसाला समोरच्याने थोडं तरी वाईट वागावं असं वाटतं, म्हणजे मग हिशेब जुळल्यासारखा वाटतो.

ती वाफ्यात मेथी उपटत होती. मला पाहून उठली, हात धुतले, बाज टाकली. तिचा नवरा बाजारात गेला होता. म्हातारी दिसत होती, मीही दिसत असेन. पल्लवीचं कसं आहे, विचारलं. तिने सगळं सांगितलं, साध्या आवाजात, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. बारावीचा फॉर्म भरलाच नाही. कारंजा घाडग्याला दिली. जावयाचं हायवेवर टायर पंक्चरचं दुकान आहे, माणूस चांगला आहे. तिला एक मुलगा आहे. दिवाळीला येते, एक रात्र राहते, बापाशी बोलते. कुसुमशी लग्नापासून बोलत नाही. भाकरी दिली तर खाते, ताट धुऊन ठेवते.

मी म्हटलं की चूक माझी होती. शब्द मी दिला होता, तो मीच मोडला. पल्लवीला मी भेटते, तिला सांगते की तुझ्या आईचा काही दोष नव्हता.

कुसुम मेथीच्या जुडीला सुतळी गुंडाळत होती. गुंडाळून झाल्यावर बोलली.

"तुमाले वाटते, कापूस वेचते म्हनून तिले लाज वाटली. ते नाई जी. तिनं मले नाई म्हटलं त्याचं काई नाई, लेकरू होतं. मी तिले नाई म्हटलं. चार लोकाईत म्हटलं, हे माही नोहे म्हनून. तिचं म्हननं हाये, मी भीतीनं बोलली, तू काऊन बोलली? आईनं तं म्हनाचं होतं ना, का माही हाये."

मी म्हटलं, पण तू तर तिला वाचवायलाच बोललीस.

"मले मालूम हाये," कुसुम म्हणाली. "तुमाले मालूम हाये. तिले कोन सांगन? सांगतलं तं म्हने, वाचवाचं होतं तं गेलतीच काऊन तिथं बसाले."

ती तिथे बसायला का गेली होती, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने ते तोंडाने म्हटलं नाही. शेजारच्या शेतात बाया वेचत होत्या, एकमेकींना मोठ्याने काहीतरी सांगत होत्या. हवेत सरकीचा तो वास होता.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. दाखवायचं नव्हतं, पण हाताला दुसरं काही काम नव्हतं. पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि थांबले. ती रागावेल, रडेल, पान फाडेल, मी सगळ्याची तयारी करून बसले होते. तिने हात पदराला पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं. फोटोत आपण आहोत याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. पल्लवीच्या चेहऱ्यावरून तिने बोट फिरवलं, केसांवरून, गणवेशाच्या पट्टीवरून. खाली काय लिहिलं आहे ते तिने विचारलं. मी वाचून दाखवलं: आई आणि तिची मुलगी. बाकीचं गाळलं.

लग्नात पल्लवीने आईबरोबर फोटो काढू दिला नव्हता, असं ती मग सांगायला लागली. बापाबरोबर काढला, तिच्या मामाबरोबर काढला, हिला म्हणाली, तू सर बाजूले. लहानपणीचा एक होता, तो पावसात भिजून गेला. दोघींचा एकत्र असा फोटो घरात एकही नाही.

"हे पुस्तक तुमाले लागते का?" तिने विचारलं. "नाई लागत तं राहू द्या माह्यापाशी."

मी म्हटलं, ठेव. तिने ते फडक्यात गुंडाळलं आणि आत जाऊन पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. त्या तिने माझ्या पिशवीत घातल्या आणि म्हणाली, एवढ्या लांबून मुद्दाम आणून दिलंत, ताई, उपकार झाले तुमचे.